आत्याच्या फ्रिजवरचा कागद

आत्याला स्तनाचा कॅन्सर आहे असं कळल्यावर पहिल्या पंधरवड्यात भेटायला आलेल्या प्रत्येकानं दोन गोष्टी आणल्या: शहाळं आणि सल्ला. शहाळी त्या त्या दिवशी संपली. सल्ले आत्यानं वहीच्या पानावर लिहून काढले आणि ते पान फ्रिजच्या दारावर लावलं. तीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई, त्यामुळे यादीला अनुक्रमांक. १) साखर, गूळ, मध पूर्ण बंद. २) दूध, तूप बंद. ३) आठवड्यातून दोन दिवस कडकडीत उपवास. ४) सकाळी कोमट पाण्यातून हळद. ५) आतड्यातल्या 'चांगल्या जंतूं'च्या कॅप्सूल. ६) एक पावडर, महिन्याला अडीच हजारांची. खाली लाल पेनानं, दोनदा अधोरेखित केलेलं: प्रतिकारशक्ती वाढली पाहिजे.

दोन महिन्यांत तिचं वजन ५८ किलोंवरून ५१ वर आलं. चौथ्या केमोच्या दिवशी डॉक्टरांनी रक्ताचे रिपोर्ट पाहिले, केमो आठवडाभर पुढे ढकलली आणि विचारलं, "काकू, जेवताय ना नीट?" आत्यानं मोबाइलमधला त्या कागदाचा फोटो दाखवला. डॉक्टर त्यावर काही बोलले नाहीत. आहारतज्ज्ञांच्या खोलीचा नंबर तेवढा लिहून दिला.

तेव्हापासून मी या विषयावर मिळेल ते वाचत गेलो. गंमत अशी, की त्या कागदावरच्या जवळजवळ प्रत्येक ओळीमागे कुठल्या तरी प्रयोगशाळेतलं खरं काम आहे. ते उंदरांच्या पिंजऱ्यातून निघून आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येईपर्यंत वाटेत बरंच काही गळून पडलं, इतकंच. ते गळलेलं गोळा करायचा हा प्रयत्न.

लढतं कोण?

'प्रतिकारशक्ती' हा शब्द एकवचनी आहे, तिथेच घोटाळा होतो. गच्चीवरच्या टाकीसारखं काहीतरी शरीरात आहे आणि ती काठोकाठ भरली की काम झालं, असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात या खात्यात नाना तऱ्हेच्या पेशी आहेत आणि त्यांतल्या काहींची नेमणूक लढाई थांबवण्यासाठीच झालेली आहे. लढणाऱ्या पेशींना आवर राहिला नाही, की त्या आपल्याच सांध्यांवर, थायरॉइडवर, स्वादुपिंडावर चालून जातात. आमवात किंवा टाइप १ मधुमेह हे याच अतिउत्साहाचे आजार. त्यामुळे 'प्रतिकारशक्ती वाढवा' म्हणणं हे 'पुण्यातली रहदारी वाढवा' म्हणण्यासारखं आहे. कुठली, कुठे आणि कुणासाठी, हे आधी ठरवावं लागतं.

कॅन्सरशी थेट भिडणाऱ्या दोन पेशी लक्षात ठेवल्या तर पुढचं सगळं सोपं जातं. पहिली टी-पेशी. ती अस्थिमज्जेत जन्मते आणि छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत शिकून तयार होते. शरीरातली जवळजवळ प्रत्येक पेशी आपल्या आत काय शिजतंय त्याचे छोटे नमुने पृष्ठभागावर मांडून ठेवत असते. टी-पेशी फिरता फिरता ते नमुने तपासते आणि ओळखीबाहेरचं काही दिसलं की थांबते. दुसरी एनके पेशी, म्हणजे 'नैसर्गिक मारेकरी'. हिला तसं शिक्षण लागत नाही. टी-पेशीच्या नजरेतून सुटण्यासाठी कॅन्सरची पेशी कधी कधी नमुने मांडणंच बंद करते. एनके पेशी नेमकी अशीच दुकान बंद करून बसलेली पेशी हेरते.

दोघींची मारायची रीत एकच. शत्रूला चिकटायचं, पर्फोरिन नावाच्या प्रथिनानं त्याच्या आवरणाला भोक पाडायचं आणि त्यातून ग्रॅन्झाइम नावाची मारक प्रथिनं आत सोडायची. मग ती पेशी स्वतःलाच संपवते.

याला इंधन लागतं, आणि तेही भरपूर. निवांत असलेली टी-पेशी अगदी काटकसरीनं राहते. शत्रू दिसला की मात्र तिचा खर्च एकदम वाढतो, कारण ती दिवसातून दोन-तीनदा विभाजित व्हायला लागते. नव्या पेशींच्या आवरणाला चरबी, यंत्रसामग्रीला प्रथिनांचे घटक, झटपट ऊर्जेला साखर. खाण्याचा आणि कॅन्सरशी लढण्याचा संबंध इथे सुरू होतो.

कलम पहिलं: साखर बंद

बर्लिनमध्ये १९२०च्या दशकात ऑटो वारबुर्ग या शास्त्रज्ञानं पाहिलं, की कॅन्सरच्या पेशी भरमसाट ग्लुकोज खातात आणि पुरेसा प्राणवायू असतानाही ते अर्धवट जाळून त्याचं लॅक्टिक आम्ल करून टाकतात. आजचा पेट स्कॅन याच सवयीवर चालतो. रुग्णाला काही तास उपाशी ठेवून किरणोत्सारी खूण लावलेली साखर टोचतात. जिथे ती जास्त ओढली जाते तो भाग चित्रात उजळतो. ज्यानं तो उजळलेला डाग एकदा पाहिला, त्याला 'कॅन्सर साखरेवर जगतो, मग साखर तोडा' हे पटायला वेळ लागत नाही.

आत्याला मी एक गणित घातलं. अंगात रक्त साधारण ५ लिटर. साखरेची पातळी १००, म्हणजे १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम. तर सगळ्या रक्तात मिळून साखर किती? तिनं क्षणात उत्तर दिलं: ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूला दिवसाला सुमारे १२० ग्रॅम लागते. म्हणजे तो चमचा दिवसभर रिकामा होत असतो आणि भरलाही जात असतो. भरणारं मुख्यतः यकृत. आपण खाल्लं नाही तर ते साठ्यातून देतं आणि साठा संपला की स्वतः बनवतं. कशापासून? मोठा हिस्सा स्नायूंतल्या प्रथिनांपासून. साखर तोडून गाठीला उपाशी मारता येत नाही, कारण रक्तातला तो चमचा यकृत रिकामा होऊच देत नाही. बिल दंड-मांड्यांच्या नावावर फाटतं. आत्याचे सात किलो कुठे गेले, याचा बराचसा हिशेब यात आहे.

आता यातला खरा भाग. २०१५ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी उंदरांवर काम करून दाखवलं, की गाठीच्या आत कॅन्सरच्या पेशी ग्लुकोज इतकं ओढतात की शेजारच्या टी-पेशींना ते पुरत नाही. टी-पेशी जिवंत असते, पण हात चालत नाहीत. वर कॅन्सरच्या पेशी जे लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात त्यानं आसपास आंबट होतं आणि टी-पेशी आणखी मंदावते. पंगतीत बसलोय, पण वाढपी आपल्यापर्यंत येतच नाही, अशी तिची गत.

हे चित्र इतकं छान बसलं की सगळ्यांनी तेच धरलं. मग २०२१ साली अमेरिकेतल्याच व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या गटानं गाठीतल्या प्रत्येक जातीच्या पेशी वेगळ्या काढून कोण किती खातं ते मोजलं. उंदरांच्या त्या गाठींमध्ये सगळ्यांत जास्त ग्लुकोज कॅन्सरच्या पेशी खात नव्हत्याच. ते खात होत्या मॅक्रोफेजच्या कुळातल्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या पेशी. कॅन्सरच्या पेशींचा मोठा ताव होता ग्लुटामिन या अमिनो आम्लावर. शंभर वर्षांच्या समजुतीला हा चांगलाच धक्का होता, आणि मला तरी या अख्ख्या विषयातली ही सगळ्यांत शिकवणारी गोष्ट वाटते. ताटात काय पडलं, याहून गाठीच्या आत पंगतीत कुणाला काय वाढलं गेलं हा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याचं उत्तर ताटाकडे बघून मिळत नाही.

याचा अर्थ जिलबीवर ताव मारा असा नाही. मधुमेह आणि वाढलेलं वजन यांचे हिशेब वेगळे आहेत, वजनाचा पुढे येतोच. पण चहातला अर्धा चमचा काढून घेतला म्हणून गाठीला त्याची खबरही लागत नाही.

चरबी, आणि एक विचित्र उलटसुलट

जाडी आणि कॅन्सर यांचं नातं पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं २०१६ साली १३ प्रकारचे कॅन्सर वाढलेल्या चरबीशी जोडले. यातला काही भाग हार्मोन्सचा आणि शरीरात सतत धुमसणाऱ्या दाहाचा आहे. लढणाऱ्या पेशींवर काय होतं ते मात्र अलीकडेच उलगडायला लागलं.

डब्लिनमधल्या संशोधकांनी २०१८ साली जाड माणसांच्या आणि उंदरांच्या एनके पेशी पाहिल्या. त्या आतून चरबीच्या थेंबांनी गच्च भरलेल्या होत्या. अशी पेशी कॅन्सरच्या पेशीला शोधत होती, चिकटतही होती. पण पर्फोरिन-ग्रॅन्झाइमच्या पिशव्या चिकटलेल्या जागेपर्यंत सरकवायला लागणारी ऊर्जा तिच्यात तयार होत नव्हती. पोलीस दारापर्यंत आला, कडीही वाजवली, पण हात वर उचलेना.

हार्वर्डच्या २०२० सालच्या कामात याची दुसरी बाजू दिसली. उंदरांना भरपूर चरबीचं खाणं दिलं. उंदीर लठ्ठ झाले, अंगात चरबीच चरबी. तरीही गाठीच्या आतल्या टी-पेशींना चरबी कमी पडत होती, कारण कॅन्सरच्या पेशींनी आपलं यंत्र बदलून ती आधीच ओढायला सुरुवात केली होती. संशोधकांनी कॅन्सरच्या पेशींमधला तो बदल रोखला, तेव्हा टी-पेशी पुन्हा कामाला लागल्या. गोदाम भरलेलं आणि रेशनच्या रांगेतला माणूस रिकाम्या पिशवीचा. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही.

आता उलटसुलट. २०१८चं वैद्यकाचं नोबेल जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना मिळालं. टी-पेशींवर जन्मजात ब्रेक असतात, त्यांतल्या दोन ब्रेकवरचं हे काम. कॅन्सर तो ब्रेक दाबून धरतो. औषधानं त्याचं बोट काढलं की टी-पेशी सुटते. याला इम्युनोथेरपी म्हणतात. औषधं फार महाग, म्हणून मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोकं-मानेच्या कॅन्सरच्या रुग्णांत निवोलुमॅब हे असंच ब्रेक सोडणारं औषध नेहमीच्या डोसच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी वापरून पाहिलं. २०२२ साली आलेल्या त्या चाचणीत वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण सुमारे १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. हे सांगितल्याशिवाय मला पुढे जाववेना.

तर, मेलानोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या रुग्णांत असं दिसलं, की अशी आधुनिक औषधं जाड रुग्णांवर, त्यातही पुरुषांवर, बारीक रुग्णांपेक्षा चांगली चालली. जाडीनं कॅन्सरचा धोका वाढतो आणि जाडीतच औषध बरं चालतं, हे कसं? एक पटणारं स्पष्टीकरण असं: जाडीमुळे टी-पेशींवरचे ब्रेक आधीच जास्त दाबलेले असतात. म्हणून त्या एरवी थकलेल्या, आणि म्हणूनच ब्रेक सोडणारं औषध दिलं की फरकही मोठा. ज्या गाडीचा हँडब्रेक लावलेलाच नव्हता ती तो काढून आणखी किती पळणार? हे वाचून कुणी वजन वाढवायला घेऊ नये. पण 'अमुक चांगलं, तमुक वाईट' अशा दोन रकान्यांत हा विषय बसत नाही, हे यातून समजायला हरकत नाही.

आजीचा चोथा

आता माझ्या आवडीचा भाग. आतडं.

आपण खाल्लेल्यातलं जे आपल्याला पचत नाही, त्याला माझी आजी चोथा म्हणायची आणि डॉक्टर तंतुमय पदार्थ म्हणतात. तो मोठ्या आतड्यात पोचतो तेव्हा तिथे असंख्य जंतू वाटच बघत असतात. ते त्याला आंबवतात आणि त्यातून ॲसिटेट, प्रोपिओनेट, ब्युटिरेट अशी छोटी आम्लं तयार होतात. ब्युटिरेटवर आतड्याच्या अस्तराच्या पेशी जगतात. उरलेला माल रक्तात उतरतो आणि प्रतिकारपेशींपर्यंत पोचतो. शरीरातल्या प्रतिकारपेशींचा फार मोठा ताफा आतड्याच्या भिंतीतच तळ ठोकून असतो, त्यामुळे जंतूंची आणि त्यांची रोजची देवाणघेवाण चालते. चोथा मिळाला नाही तर जंतू काय करतात? उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं, की ते आतड्याच्या अस्तरावरचा बुळबुळीत संरक्षक थरच खायला लागतात.

याचा कॅन्सरशी संबंध? २०१८च्या सुरुवातीला एकाच वेळी तीन अभ्यास आले आणि तिघांनी वेगवेगळ्या वाटेनं तेच सांगितलं: इम्युनोथेरपी कुणाला लागू पडते हे त्याच्या आतड्यात कुठले जंतू आहेत यावरही अवलंबून असतं. पॅरिसच्या गटाला दिसलं, की उपचारांच्या सुमारास अँटिबायोटिक घेतलेल्या रुग्णांत औषध कमी चाललं. मग २०२१ साली इस्रायल आणि पिट्सबर्ग इथल्या डॉक्टरांनी सरळ टोकाचा प्रयोग केला. ज्यांना औषध लागू पडलं होतं त्यांची विष्ठा, नीट तपासून, ज्यांना लागू पडलं नव्हतं अशा मेलानोमाच्या रुग्णांच्या आतड्यात सोडली आणि औषध पुन्हा दिलं. इस्रायलमध्ये १०पैकी ३ जणांना, पिट्सबर्गला १५पैकी ६ जणांना फायदा झाला. आकडे लहान आहेत. पण तेच औषध, तोच रुग्ण, बदलले फक्त जंतू, ही साधी गोष्ट नाही.

त्याच वर्षी ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरनं इम्युनोथेरपी घेणाऱ्या मेलानोमाच्या १२८ रुग्णांना ते काय खातात ते विचारलं. दिवसाला २० ग्रॅम किंवा जास्त चोथा खाणाऱ्यांत आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दर ५ ग्रॅम वाढीमागे आजार बळावण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला.

५ ग्रॅम चोथा म्हणजे नक्की किती, हे मी आमच्या स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन पाहिलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांप्रमाणे १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा, बाजरीत ११च्या वर, मटकीत १५च्या आसपास. पांढऱ्या तांदळात ३ ग्रॅमही नाही, मैद्यातही तीच गत. बायकोनं एका भाकरीसाठी परातीत घेतलेलं पीठ भरलं ५५ ग्रॅम. म्हणजे एक भाकरी, साडेपाच ग्रॅम. अभ्यासातली एक पायरी म्हणजे आमच्याकडची एक भाकरी. दोन भाकरी, वाटीभर मटकीची उसळ आणि एखादी पालेभाजी झाली की २० ग्रॅमचा पल्ला जेवणावरच गाठला जातो. तेच पोहे, पाव, साबुदाणा आणि पांढरा भात असा दिवस गेला तर निम्माही होत नाही.

इथे दोन ठिकाणी पाय आवरावा लागतो. हा अभ्यास निरीक्षणाचा होता. जास्त चोथा खाणारी माणसं इतरही बऱ्याच गोष्टी नीट करत असतील. (त्याच गटानं उंदरांवर केलेल्या प्रयोगात मात्र कमी चोथ्याच्या खाण्यानं औषधाचा परिणाम खरोखर घटला.) आणि हे रुग्ण मेलानोमाचे, इम्युनोथेरपीवरचे होते. माझी आत्या केमोवर होती. केमोत पोट बिघडलेलं असताना, तोंड आलेलं असताना भाकरी-उसळ लादणं हा शुद्ध छळ आहे. तेव्हा मऊ भात आणि वरणच बरं.

कागदावरचं पाचवं कलम आठवतं? चांगल्या जंतूंच्या कॅप्सूल. याच अभ्यासात सगळ्यांत चांगली स्थिती कुणाची होती, तर पुरेसा चोथा खाणाऱ्या आणि अशा कॅप्सूल न घेणाऱ्यांची. उंदरांना त्या दिल्या तेव्हा इम्युनोथेरपीचा परिणाम उलट कमी झाला. सांगली-कोल्हापूरकडचं ज्यांना माहीत आहे त्यांना हे चटकन कळेल. शिवारात नुसता ऊसच ऊस लावला की बाकीच्या पिकांना जागा उरत नाही, तसं काहीसं आतड्यात होत असावं. अभ्यासातला प्रश्न दुकानातल्या कॅप्सूलचा होता, घरच्या वाटीभर दह्याचा नव्हता, हेही सांगून ठेवतो. नाहीतर उद्या फ्रिजवर 'दही बंद' लागायचं.

दूध-तूप आणि उपवास

दूध बंद करायला सांगणाऱ्या काकूंना २०२३ सालचं शिकागो विद्यापीठाचं काम दाखवायला हवं होतं. तिथल्या शास्त्रज्ञांनी अन्नातून रक्तात येणारे सुमारे २३५ रेणू घेतले आणि कुठला टी-पेशींना जास्त चेतवतो ते एकेक करून तपासलं. पहिला आला ट्रान्स-व्हॅक्सेनिक ॲसिड. हे आपलं शरीर बनवत नाही. गाई-म्हशी, शेळ्या-मेंढ्या अशा रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले जंतू ते बनवतात आणि ते दुधातून, लोण्यातून, मटणातून आपल्याकडे येतं. हे मिसळलेलं खाणं दिलेल्या उंदरांत मेलानोमाच्या आणि आतड्याच्या गाठी हळू वाढल्या. रक्तात हे आम्ल जास्त असलेल्या लिम्फोमाच्या, म्हणजे लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या, रुग्णांना कार-टी उपचार जास्त चांगले लागू पडले, असंही दिसलं. कार-टी म्हणजे रुग्णाच्याच टी-पेशी बाहेर काढून, त्यांना शत्रू ओळखायला शिकवून परत सोडणं. आयआयटी बॉम्बे आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या भारतीय कार-टी उपचाराला २०२३ सालीच मान्यता मिळाली.

पण लगेच 'तूप खा, कॅन्सर पळवा' असं लिहू नका. तुपात हे आम्ल थोडंसं असतं आणि बाकीचं तूपच असतं. लाल मांस फार खाण्याचे तोटे वेगळे. संशोधकांचंही लक्ष त्या एका रेणूवर आहे, लोण्याच्या गोळ्यावर नाही. मला या अभ्यासातून एवढंच घ्यावंसं वाटतं, की ज्याला आपण सरसकट 'चरबी' म्हणून बाजूला सारतो तिच्यात टी-पेशीच्या दृष्टीनं जमीन-अस्मानाचा फरक असलेले रेणू एकत्र नांदतात.

उपवासाचंही तसंच. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये २०२४ साली उंदरांना आठवड्यातून दोनदा २४ तास उपाशी ठेवलं, मधल्या दिवसांत हवं तेवढं खाऊ दिलं. त्यांच्या एनके पेशी अस्थिमज्जेकडे गेल्या, तिथे तयारी करून आल्या आणि साखरेऐवजी चरबीवर चालायला शिकल्या. साखर कमी आणि चरबी जास्त अशा गाठीच्या आत त्यांचा टिकाव जास्त चांगला लागला. काम देखणं आहे. पण उंदराचे २४ तास आणि माणसाचे २४ तास सारखे नव्हेत. एवढ्या वेळात उंदराचं वजन जितकं घटतं तितकं घटायला माणसाला कित्येक दिवस लागतात. आणि आपल्याकडचा उपवास म्हणजे काय हे मी सांगायला नको. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचे पापड आणि वर रताळ्याचा कीस खाऊन एनके पेशींना काही संदेश गेलाच, तर तो सुस्तीचा जाईल. आत्या मात्र खरोखर निर्जळी करत होती, केमोच्या दोन डोसांच्या मध्ये.

हळद, पावडर आणि गोळ्या

हे थोडक्यात आटपतो. हळदीतलं कर्क्युमिन प्रयोगशाळेतल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मारतं. पोटात घेतलेलं कर्क्युमिन रक्तात नीट पोचतच नाही, आणि माणसांत कॅन्सर बरा झाल्याचा भक्कम पुरावा नाही. फोडणीतली हळद चालू ठेवा. पण अर्काच्या तगड्या गोळ्यांनी यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि केमो चालू असताना यकृत आधीच कामात बुडालेलं असतं.

पावडरवाल्यांसाठी फिनलंडची गोष्ट पुरे. गाजरातलं बीटा-कॅरोटीन चांगलं, मग गोळ्या दिल्या तर आणखी चांगलं, या हिशेबानं तिथे २९,१३३ सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निकाल आला. ज्यांना बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या मिळाल्या त्यांच्यात फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर निर्दोष होतं, गोळी नव्हती. आत्याला ती पावडर सुचवणाऱ्या काकांच्या शर्टाच्या खिशात, मी स्वतः पाहिलं, तंबाखूची पुडी होती.

पोटभर

या सगळ्या बारकाव्यांत एक ढोबळ गोष्ट मागे राहते, आणि आपल्या देशात तीच आधी यायला हवी. कुपोषित मुलाची थायमस आक्रसते, इतकी की टी-पेशींची शाळाच बंद पडल्यासारखी होते. मोठ्यांतही खाणं घटलं की टी-पेशी सुस्तावतात. याचा सगळ्यांत स्वच्छ पुरावा कॅन्सरचा नाही, क्षयाचा आहे, पण क्षयाच्या जंतूला रोखून धरणाऱ्याही टी-पेशीच. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या १०,३४५ माणसांवर एक मोठी चाचणी झाली. एका गटातल्या प्रत्येकाला महिन्याला ५ किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. २०२३ साली निकाल आला: त्या घरांत क्षयाचं प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी. फुप्फुसाचा, संसर्ग पसरवणारा क्षय ४८ टक्क्यांनी कमी. डाळ-तांदळानं.

आहारतज्ज्ञ बाईंनी आत्याला तेच वेगळ्या शब्दांत सांगितलं. कॅन्सरच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.५ ग्रॅम प्रथिनं आणि २५ ते ३० कॅलरी हव्यात. "काकू, ५१ किलोंना किती झाले?" ५१ ते ७६. आत्यानं तिथेच हिशेब मांडला. दोन अंडी १२. दोन वाट्या घट्ट वरण १३. मूठभर भाजलेले शेंगदाणे ७. पनीर ५० ग्रॅम, ९. पेलाभर दूध ६, दही ३, भात-पोळीतून १२. बेरीज ६२. "जमेल," ती म्हणाली, "पण चव लागत नाही हो काहीच." त्यावर बाईंनी थोडं थोडं पण सहा वेळा, गार करून, लिंबू पिळून खायला सांगितलं आणि भाज्या नीट शिजवून घ्यायला सांगितल्या, कारण केमोत पांढऱ्या पेशी खाली जातात आणि कच्च्यातून संसर्गाची भीती असते.

दोन आठवड्यांनी मी गेलो तेव्हा फ्रिजवरच्या कागदावर लाल पेन फिरलेलं होतं, वही तपासल्यासारखं. पहिल्या कलमासमोर समासात '५ ग्रॅ. = १ चमचा' असं लिहून पुढे फुली. तिसऱ्यावर फुली. सहाव्यासमोर नुसतं मोठं शून्य. हळदीला तिनं अर्धा गुण दिला होता, फोडणीपुरता.

परवा पाहिलं, तो कागद आता उलटा करून लावलाय. मागच्या कोऱ्या बाजूवर दूधवाल्याचा हिशेब आहे.